हातावरची अक्षरं

कुणीतरी रुग्णालयाचे कॉम्प्युटर हॅक करून बंद पाडले होते. ते काल सुरू झाले. आज औषधांच्या रांगेत माझ्यापुढे दोघीजणी बोलत होत्या.

“बाकावर बसलेत ते तुमचे मिस्टर ना? हातभर काय लिहिलंय त्यांच्या?”

“साखर आहे, पेनिसिलिन चालत नाही. कॉम्प्युटर बंद पडल्यावर सिस्टरनं पेन काढलं आणि अख्ख्या वॉर्डाचे हात रंगवले.”

“बाईला डोकं आहे.”

“आहेच. हे तर शुद्धीवरही नव्हते. पण चुकीचं इंजेक्शन काही गेलं नाही.”

“आता सगळं कॉम्प्युटरवर असेल.”

“तीही तेच म्हणाली. पण सकाळी यांनी परत हात पुढे केला. म्हणे, माझा भरवसा तुमच्या अक्षरावर.”

“मग लिहिलं?”

“लिहिलं की. ‘आता घरी जा.’”