डोंगरदेवाचा कौल

धानोऱ्याच्या स्टँडवर गिरजाबाई एसटीची वाट पाहत बसली होती. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“लटारूभाऊ, सारं गाव डोंगर उतरून सडकेवर राहाले आलं. तू एकटाच वर काऊन राहून राह्यला?”

“देवाचा हुकूम नाई, मुखरू. डोंगरदेवाच्या कपाळाले पळसाचं फूल लावून कौल मागितला. फूल पडलं, तं उतराचं.”

“मंग?”

“पडलंच नाई.”

“लावलं कधी?”

“होळीले.”

“होळीचं फूल आजवर? वाऱ्यानं बी पडलं नाई?”

“नाई.”

“कायनं चिकटवलं बे?”

“धावड्याच्या डिंकानं.”

गिरजाबाईनं पदर तोंडाला लावला.

“आन् वरून देवाचं नाव सांगतं!”

“देवाले धाडाचं असन, तं त्यानं झटकाव ना. हात कोनं धरला त्याचा?”

“पाऊस आला का डिंक विरघळते, भाऊ. मंग त उतरशीन?”

“म्हणून तं देवावर छप्पर घातलं.”

“छप्पर? कवेलू कुठून आणले?”

“तुह्या घरावरचे. तू तं आता येत नाईस.”