ताईंचा मेसेज

यमुताई : फोन काहून लपवला वं? दाखव इकडं.

काजल : काही नाही, आई. लाइट कधी येणार ते पाहत होते.

यमुताई : लाइट दुपारच्या वाऱ्यानं गेली, नरखेडपासून सगळीकडं अंधार हाय. थे का फोनमंदी दिसते? तोंड पाह्य तुह्यं, पांढरंफटक पडलं. जम्मूहून अश्विनचा फोन आलता का?

काजल : नाही.

यमुताई : मंग कोणाचा?

काजल : मयुराताईंचा मेसेज आला, नागपूरहून. आई, तुम्ही पहिले बसा.

यमुताई : मी उभीच बरी. बोल.

काजल : यांना... यांना पकडलं, आई.

यमुताई : कोणं?

काजल : तिकडच्यांनी. बॉर्डरपलीकडच्या. ताई पेपरात आहेत, त्यांना सगळ्यात पहिले कळते.

यमुताई : माह्या अश्विनले? त्याचं नाव लिवलं तिनं?

काजल : नाव नाही. भावाचं नाव लिहायची हिम्मत नसेल झाली. केव्हापासून फोन लावून राहिले, उचलतच नाहीत. आई! आई, धरा मला. बसा. इथं बसा.

यमुताई : जितं हाय न लेकरू? पकडलं म्हणजे जितं तं हाय.

काजल : हो, आई. कैदी आहे म्हणजे जिंदा आहे. मी पण मघापासून हेच म्हणून राहिले मनात.

यमुताई : त्या दिवशी म्हणे, आई, आता इकडं फोन बंद राहीन, घाबरू नको. अन् हे असं... वाच मले. तिनं लिवलं तसंच वाच, एक अक्षर इकडचं तिकडं नको करू.

काजल : "काजल, युद्धबंदी! आताच बातमी आली. आईला सांग. कामात आहे, नंतर बोलते."

यमुताई : नंतर बोलते? भाऊ पकडला गेला अन् बहीण म्हणते नंतर बोलते? थो पयला शब्द काय हाय?

काजल : युद्धबंदी.

यमुताई : म्हणजे?

काजल : बंदी म्हणजे कैदीच ना! आमच्या छिंदवाड्याच्या शाळेत हेच शिकवलं होतं. लढाईत पकडलेला सैनिक.

यमुताई : अवं पोरी, आपल्या गावात दारूबंदी झाली तवा तू लगन होऊन आलती का?

काजल : नाही.

यमुताई : तवा आम्ही बायायनं कोणाले धरलं नव्हतं. दुकान बंद केलतं.

काजल : म्हणजे... लढाई बंद?

यमुताई : मले तं तसंच वाटते. पण वाटून काय होते? लाव तिले अजून.

काजल : रिंग जाऊन राहिली... उचलला! ताई, थांबा, स्पीकरवर करते.

मयुरा : सॉरी गं, इथं नुसती धावपळ चालू आहे. आई खूश झाली ना?

यमुताई : मयुरे, एकच सांग. अश्विनले पकडलं का?

मयुरा : पकडलं? कोणी पकडलं? आई, लढाई थांबली. मी कळवलं ना काजलला.

काजल : ताई, तुम्ही युद्धबंदी लिहिलं.

मयुरा : हो, मग? ... अरे देवा! हिंदीत तर त्याचा अर्थ कैदी... काजल, माझ्या ध्यानातच नाही आलं.

यमुताई : तुह्या एका शब्दानं जीव चालला होता आमचा.

मयुरा : चुकलं, आई. शस्त्रसंधी लिहायला पाहिजे होतं.

यमुताई : कायची संधी? हत्यारं चालवाची?

मयुरा : नाही गं, ही संधी वेगळी. दोघांनी मिळून ठरवायचं, गोळीबार करायचा नाही.

काजल : मतलब खतम झालं सगळं?

मयुरा : खतम नाही, थांबलं. कायमचं मिटवलं की त्याला तह म्हणतात. तह नाही झाला अजून.

यमुताई : थांबलं न? आज थांबलं तेवढंच पुष्कळ झालं.

मयुरा : ऐका, पहिल्या पानावर पण मी युद्धबंदीच लावलं आहे. बदलायला सांगते. या नागपुरात अर्धी घरं हिंदी बोलतात, कोणाकोणाची पोरं तिकडं असतील.

काजल : युद्धविराम लिहा, ताई. तो शब्द तुमच्यात अन् आमच्यात एकच आहे.

मयुरा : हं. तोच लावते. आणि काजल, खरंच माफ कर...

काजल : ताई, ठेवा, ठेवा! दुसरा फोन येऊन राहिला. यांचा आहे!

यमुताई : मंग घे न वं! पाहत काय बसली?

काजल : हॅलो... हो. हो, येते ऐकू. बोला ना... नाही, कुठं रडते? आई इथंच आहेत, जवळच.

यमुताई : कसा हाय? काय म्हणते?

काजल : ठीक आहेत. जम्मूतच आहेत. विचारून राहिले, आज जेवाला काय केलं.

यमुताई : अजून तं काहीच नाही केलं. सांग त्याले, आता मांडतो म्हणा.