राज्यपालांनी नाही म्हटलेलं नाही

नाही, तुम्हीच सांगा, माणसानं रडावं तरी कुणाच्या नावानं?... मंत्रिमंडळानं माझं नाव राज्यपालांकडे पाठवलं, विधान परिषदेवर, कलावंताच्या जागेसाठी! उभा जन्म यक्षगानात दुर्योधन केला ना! आता राज्यपालांची एक सही, की मी आमदार. वर्ष उलटलं. सही नाही! पण तुम्हाला सांगतो, नाहीही म्हटलेलं नाही!

आणि आमचं कुंदापूर काय थांबतंय? नाव गेलं त्याच संध्याकाळी सत्कार! शाल, फळांची परडी, डोक्यावर म्हैसुरी पेटा, बसस्टँडवर माझ्या तोंडाचा हा एवढा फलक, 'नूतन आमदार वामन देवाडिग!' आमच्या यक्षगान मेळ्याचे मालक शेट्टी गहिवरून म्हणतात, "वामनण्णा, आता आमदारानं तोंड रंगवून नाचायचं? शोभतं का?" मी फुगलो! दुर्योधनाचा मुकुट काढला आणि माझ्याच शिष्याच्या, नागेशच्या डोक्यावर ठेवला. या हातांनी! कुणी सांगितलं होतं?

मग मेहुण्याला विचारलं, वकील आहे तो, "अरे, राज्यपाल असं नाव दाबून बसू शकतात?" तो चष्मा पुसत, "भावोजी, घटनेत मुदतच नाही. पण नाही म्हटलेलं नाही ना?" गेलो बंगळूरला, थेट राजभवनावर! फाटकावरचा साहेब साखर पेरत, "विचाराधीन आहे." म्हटलं, कधीपर्यंत? "तेही विचाराधीन आहे!" अहो, आमचा दुर्योधन सुईच्या टोकाएवढी जमीन देत नाही, पण तसं भर सभेत छाती ठोकून सांगतो तरी!

घरी आमची बायको वारिजा नीर डोसे वाढताना, "आमदारसाहेब, चटणी वाढू, की विचाराधीन?"... फलकावरचं माझं तोंड उन्हानं पार पांढरं झालं. परवा खेळ बघायला गेलो, तर नागेशच्या प्रवेशाला शिट्ट्या! माझ्या प्रवेशाला! आणि मी कुठे? समोर खुर्चीत, पेटा घालून! रडूच आलं हो... पेटा सावरतोय असं दाखवून डोळे पुसले.

आणि काल कळलं, राज्यपालच बदलले! नवे आलेत, ते म्हणे सगळं पहिल्यापासून बघणार. नाही मात्र त्यांनीही म्हटलेलं नाही!

संध्याकाळी शेट्टी दारात. "वामनण्णा, एक वेष रिकामा आहे. धृतराष्ट्र. नागेशचा बाप व्हायचं. नाच नाही, बोलणं नाही. सिंहासनावर बसायचं, समोर काहीही होवो, हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. करणार?"

वारिजा माझ्याकडे बघतेय, शेट्टी बघतायत... मी काय बोलणार?

नाही म्हटलेलं नाही.