कापलेली कड

माझं माहेर निपाणीकडं. आईनं जन्मभर सुती इरकल नेसली, तांबड्या काठाची. लग्न होऊन मी बेंगळुरात आले, एका कारखान्यात हातानं कागद करायला शिकले, पुढं त्याच कागदाची पुस्तकं बांधायला लागले, याला कला म्हणतात हे मला लोकांनीच मागनं सांगितलं. आता व्हाइटफील्डच्या मागं माझी शेड हाय, टाकी हाय, जाळीच्या चौकटी हायत, शनिवारी आयटीची माणसं शिकायला येतात आणि ओल्या हातानं फोटो काढत बसतात, असू दे.

आई गेली तेव्हा तिच्या लुगड्यांची वाकळ शिवायची ठरली, आमच्यात रीतच हाय, गेलेल्या माणसाचं लुगडं पांघरायचं. थोरली अक्का सुईदोरा घेऊन बसलीच होती. मी म्हटलं मला दे, मी पुस्तक करते. अक्का म्हणाली, आईला फाडून कुजवणार होय गं? फाडलीच की ओ मी, तुकडे भिजवले, कुटले, लगदा केला. काठ तेवढा कुटला न्हाई. त्याचे तांबडे दोरे उसवले आणि पान जाळीवर ओलं असतानाच कडेकडेनं बसवले. पानावर अक्षर एक न्हाई. कड चाचपली की आईचा काठ बोटाला लागायचा, त्यासाठीच ते पुस्तक. अक्कानं बोलणंच टाकलं माझ्याशी.

मग इंदिरानगरच्या गॅलरीवाल्या बाई आल्या, मूळच्या पुण्याच्या, डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, प्रदर्शनाला द्याच. दिलं. अक्काला फोन केला, एकदा ये, हात लावून बघ, मग काय बोलायचं ते बोल. ती आली बिचारी बसनं. आम्ही दोघी गेलो तर, काय सांगू तुम्हाला, पुस्तक काचेच्या पेटीत आणि चारी कडा सरळसोट, दोरा एक न्हाई. कड कुठं गेली म्हटलं. बाई म्हणतात, अहो पेटीत बसत नव्हतं, कडाही वाकड्यातिकड्या, दोरे लोंबत होते, प्रेसमध्ये मशिनवर नीट कटिंग करून आणलं, आता किती क्लीन दिसतंय. हसत सांगतात ओ. तशीच प्रेसमध्ये गेले. तिथला अण्णा म्हणाला, स्वल्प आधी यायचं अम्मा, कातरण कचऱ्याच्या गाडीत गेली. परत गॅलरीत आले तर बाई वर म्हणतात, दुसरं करून द्या ना. दुसरी आई कुठनं आणू मी? इतकी वर्षं हेच चाललंय बघा, ह्यांना हातचा कागद पाहिजे, पण हात दिसला की कापायचा. पेटी उघडायला लावली आणि पुस्तक घेऊन निघाले.

अक्का रिक्षात एकेका पानाची कड चाचपत होती. मला वाटलं आता शिव्या घालणार. ती म्हणाली, आईची एक इरकल मी लपवून ठेवली होती गं, तुझ्या हाती लागू नये म्हणून.

ती आणली तिनं. माझ्या शेडमध्ये बसून तिचा काठ पानापानाला शिवला, वाकळीच्या टाक्यानं. बाईंना कुठनं तरी कळलं. परवा फोन आला, आता तर आणखीच सुंदर झालंय म्हणे, परत द्या. माझं डोकंच फिरलं. फोन अक्कानंच घेतला. म्हणाली, आमच्यात हे पांघरतात बाई, बघायला ठेवत न्हाईत. आणि ठेवून दिला.