भलत्या धडावरचं मुंडकं

आता तुमीच सांगा, मानसाच्या हातात हुन्नर असावा हा काय गुन्हा झाला? नवेगाव बांधापासून आमगावच्या ठेसनापर्यंत, एका मुंगीचं मुंडकं काढून दुसरीच्या धडावर बसवनारा मानूस एकच, अन् तो म्हंजे हा मंगरू! हात असा हलका, का मुंगीलेही वाटावं, आपलं जलमापासून हेच मुंडकं... आता पहिल्या तीन माह्या अंगठ्यालेच चिकटल्या, चवथीचं मुंडकं पाठीमागं पाहू लागलं, पाचवी चावून पळाली, ते सोडा. सहावी जमली ना! अन् त्या सहावीपायीच माही बाज गेली, सतरा दिवस गेले, गावात तोंड दाखवाची सोय गेली. कायसाठी? मुंगीसाठी! मुंगी ते मुंगी, तिचं काय कौतुक!

गोष्ट सन अडतीसची. आमच्या शाळेत खेमराज गुरुजी होते. मानूस सोन्यासारखा, पन मुंग्यायचा नाद. दिवसभर पोरायले पाढे, अन् शाळा सुटली का गुरुजी तळ्याच्या पाळीवर पालथे! धोतर चिखलात, डोळ्याले भिंग. एक डाव यादोराव पाटलाची म्हैस त्यायले गवताचा भारा समजून हुंगाले लागली, तरी मानूस हालला नाही. "पाटील," म्हने, "म्हैस जरा बाजूला घ्या, रांग मोडते आहे." आता ह्याले काय म्हनावं तुमी?

मुंगी सापडली का गुरुजी ते शिशीत घालून टपालानं धाडत. दूर कुठं अजबखाना होता, तिथं मुंग्यायचा जानकार एक साहेब बसला होता. गुरुजीची आस एकच... आपल्या रानातली एक तरी मुंगी अशी निघावी, का जे जगात कोनी पाह्यली नाही. अकरा धाडल्या, अन् अकरा डाव उत्तर एकच, "ही ठाऊक आहे, जुनीच." दुसरा असता तं भिंग तळ्यात फेकून मोकळा झाला असता. हा मानूस हासून म्हने, "बरं झालं, आणखी एकीचं नाव कळलं!" वरून महिन्याअखेर त्यायची बदली आमगावले. तिथं धान, बाजार अन् आगगाडी. एवढं रान कुठं? हातात दिवस उरले वीस.

मंग मले वाटलं, आपुनच एक नवी मुंगी बनवून द्यावी. उपकारच म्हना ना!

बसलो अंगनात बाजेवर. पानाच्या दोन्यात दहा ठिकानच्या मुंग्या, बाभळीचा काटा, अन् धावड्याचा डिंक. धड मुंगळ्याचं घेतलं, चांगलं कारंभोर. मुंडकं... हाताशी आली तिचं घेतलं. एवढुसं, तपकिरी, तोंडाकडून असं चपटं, जसं शिशीचं बूचच! म्हटलं झकास, हत्तीच्या धडावर बकरी. अन् नेऊन ठेवली शाळेच्या ओट्यावर गुरुजीसमोर. यादोरावले, शेजारच्या टिकारामले आधीच सांगून ठेवलं होतं, समदे पदर... आपलं, दुपट्टे तोंडात कोंबून उभे.

गुरुजीनं भिंग लावलं. पाहते, पाहते... पाहूनच राहिले. मंग म्हनतात, "धड मुंगळ्याचं. डिंक धावड्याचा. काम सफाईचं आहे, मंगरूजी."

ओटा हासून हासून लोळला! म्या म्हटलं चला, पकडल्या गेलो, पन मजा आली. तं गुरुजी भिंग खाली ठेवतच नाहीत. म्हनतात, "पण मंगरूजी... हे डोकं कोणाचं?"

हासू थांबलं ना समद्यायचं.

"हे डोकं मी कुठल्याच चित्रात पाहिलेलं नाही. मिशीला सांधे बारा, म्हणजे घराणं कळलं. पण नुसत्या डोक्यावर साहेब जात ठरवणार नाही. कंबर पाहिजे, पाठ पाहिजे, पायावरचे केस पाहिजेत. हिचं धड कुठं आहे?"

धड? धड तं म्या फुंकून देल्लं होतं! आमच्याकडे सोयरीक जुळवतानाही एवढं पाहत नाहीत हो. पोराचं मुंडकं धडावर आहे एवढं दिसलं का हळद लावते. बरं, सापडली कुठं म्हनाल तं मले कुठं आठवत होतं? पन समदे पाहून राहिले, मंग म्या ठोकून देल्लं, "मोहाच्या खोडावर!"

झालं! सतरा दिवस, तुमाले सांगतो, सतरा दिवस त्या मानसानं मले मोहाच्या एकेका झाडाशी नेऊन उभं केलं. "या झाडावर का? याच्या कोणत्या बाजूला? खाली की वर?" खोटं बोलाले तोंड एक अन् मोहाचे झाडं हजार! गुरुजी एकेक साल उचलून पाहत, पुन्हा जशीच्या तशी बसवत, म्हने, "घर मोडलं तर राग येतो त्यांना." हाताले लाल मुंग्या चावून फोड आले, मले शिवी नाही का बोल नाही. तिसऱ्या दिवशीपासून मलेच लाज वाटाले लागली. मुंगी ते मुंगी, तिचं काय कौतुक, म्हनत गेलो होतो... अन् सातव्या दिवशी पाह्यतो तं मीही पालथाच!

सतराव्या दिवशी सांजच्याले घरी आलो, बाजेवर अंग टाकलं. आमची धुरपता अंगन सारवून राहिली होती. हात न थांबवता म्हनते, "कायले मोहं हिंडून राहिले तुमी? डिंक घेऊन तं ह्या बाजेवरच बसले होते."

"मंग?"

"मंग बाजेच्या पायथ्याच्या बांबूले एक भोक आहे. कधी असते, कधी नसते."

"भोक कधी नसते कसं वो?"

"दोन सालापासून पाहून राहिले मी. मुंगी आली का उघडते, काडी लावली का बुजते."

"अन् बोलली काऊन नाही?"

"कवा बोलू? बाजेवर आले का तुमी घोरून राहता!"

तसाच पळालो, गुरुजीले हाताले धरून आनलं. त्यायनं भिंग लावलं, भोकाजवळ. अन् मले म्हनतात, "पहा."

तुमाले काय सांगू... त्या भोकाले दार होतं, अन् ते दार म्हंजे एका मुंगीचं मुंडकं! बुचावानी बसवलेलं, रंग बांबूचाच, कोनाच्या बापाले दिसनार नाही. बाहेरून दुसरी आली, मिशीनं टकटक केलं. मुंडकं मांगं सरलं, ते आत गेली, मुंडकं पुन्हा जाग्यावर. दाना आनाले जात नाही, फिराले जात नाही, आपुनच घराचं कवाड होऊन बसली! मी तिच्याच उरावर दोन साल घोरून राहिलो होतो. आता मुंगी ते मुंगी... पन कौतुक नाही कसं म्हनू?

गुरुजीनं माही बाज उभी चिरली, हे मात्र सांगतो! आत राणी, पिल्लं, समदा परिवार. गुरुजीचे डोळे भरले; मीही बाजेसाठी नाही रडलो.

पावसाळा सरता सरता आमगावाहून गुरुजी पेटी घेऊन आले. साहेबाचं उत्तर आलं होतं, "ही नवी आहे." आख्खं गाव ओट्यावर! पेटीत टाचनीवर एकेक मुंगी, अन् खाली एवढुशी चिठ्ठी, कोनं शोधली, कशाखाली सापडली. गुरुजीनं वाचून दाखवल्या, "ही दगडाखाली, ही सालीखाली, ही गोवरीखाली."

"अन् आमची? माहं नाव आहे ना?"

"आहे तर," म्हनतात, अन् वाचतात, "शोधणारी, धुरपताबाई. सापडली... मंगरूखाली."

यादोराव ओट्यावरून खाली पडला! म्या म्हटलं, "गुरुजी, मी काय दगड आहो?"

गुरुजी तं बिचारे चश्मा पुसाले लागले. दारातून धुरपता म्हनते, "दगड असते तं गुरुजीनं पयल्याच दिवशी उलटवून पाह्यलं असतं!"