मी बघितलाय दोर

— नाही, राजाच्या मुखवट्याला भुवया एवढ्या चढवायच्या नाहीत, राजा दुष्ट नसतोच मुळी. चांगला असतो, नगरासाठी राबतो, फक्त कुणी काही सांगायला आलं की ऐकून घेत नाही – मला माहितीय कसा दिसतो तो. आज मुखवटे करतोय, पण पंधरा वर्षं या अथेन्समध्ये नाटकातले राजे मीच केलेत. का सोडलं? सोडलं. तू मुखवटा बघ ना... तेलेसियासचं नाव कुणी सांगितलं तुला? बरं, कुणी का असेना. बंदरावर एकत्र वाढलो आम्ही. मी राजा, तो देव – शेवटी त्याला यारीच्या, त्या ओझी उचलायच्या लाकडी यंत्राच्या, दोराला बांधून छपरावरून खाली सोडायचे. डायोनिसस देवाचा उत्सव होता, नाटकांची स्पर्धा, आमची पाळी आलेली, आणि हा येऊन म्हणतो, "निकेरातस, दोर विरलाय रे. बदलून घेऊ, घटकाभर थांब." घटकाभर! परीक्षक बसलेत, अख्खं नगर बसलंय – आणि गाणाऱ्यांच्या सगळ्या ताफ्यासमोर हा मला थांब म्हणतो? मी म्हणालो, "मी बघितलाय दोर. भीती वाटत असेल तर तसं सांग, देव दुसरा बघतो." सगळे हसले. तो गपगुमान चढला. – कुठला बघितला होता! मी माझी वाक्यं घोकत होतो.

पडला. दगडावर, पाठीवर. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे – आणि मी काय केलं असेल? रडलो, राजासारखा, सुरात, हात पसरून; आणि मनात म्हणत होतो, आज आवाज काय लागलाय! बक्षीस मिळालं. कुणी विचारलं तर सांगायचो, गाठ सुटली, त्यानंच बांधलेली – तुटका दोर? तो वेदीच्या आगीत टाकला मी. हो, मीच.

तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, मिर्टोनं, बोलावून घेतलं. कमरेखाली काही हलत नव्हतं त्याचं. माझा हात धरून म्हणतो कसा, "तू दोर बघितला होतास, म्हणजे गाठच माझी कच्ची राहिली. तुझं नाटक बुडवलं असतं रे मी. माफ कर." मिर्टो शेजारीच उभी, हातात पाण्याची वाटी. एक वाक्य बोलायचं होतं मला, फक्त एक – हजारो पाठ केलेली, आणि मी काय म्हणालो? "असू दे," म्हणालो. "झालं गेलं." मी! मी त्याला माफ केलं! आणि तो हसला रे, बरं वाटलं त्याला – संध्याकाळी गेला...

बघतोस काय असा? ऊठ. दुकान बंद झालंय.