एकाच वेलीची दोन पानं

वसुधाचे यजमान अनंतराव, तिचे विद्यार्थी, आणि लोणी काळभोरहून आलेले बागायतदार मंडळी,

वसुधा आणि मी एकाच प्रयोगशाळेत म्हाताऱ्या झालो. मघापासून या शोकसभेत सगळे तिच्याबद्दल गोड बोलतायत. तिने विचारलं असतं, "पुरावा काय?"

संशयी होती ती. माझ्या निकालांवर संशय, स्वतःच्या निकालांवर त्याहून जास्त.

तिचा विषय द्राक्षवेल. वेलीच्या काडीवर जिथून फुटवा येतो, त्या डोळ्यात एक इवलासा कोंब धरतो. त्याचा घड होणार, की आधाराला वेटोळे घालणारी नुसती बाळी, हे सुरुवातीला ठरलेलं नसतं. जनुकं दोन्हीकडे तीच. त्यातली कुठली जागी होतात आणि कुठली झोपून राहतात, यावर सगळं ठरतं. ऊन, पाणी, वेलीतली वाढीची संजीवकं, सगळ्यांचा त्यात हात. हे उलगडण्यात तिचं आयुष्य गेलं.

मग हिंजवडीत एक कंपनी निघाली. लोणीच्या सभेत त्यांचा तरुण अधिकारी म्हणाला, "एक पान पाठवा. जीन्स वाचून किती घड येणार ते सांगतो."

वसुधा उठली. "अहो, पानातली जनुकं आणि डोळ्यातली जनुकं एकच. एकाच काडीवर एका डोळ्यात घड असतो, शेजारच्यात बाळी. पान काय सांगणार?"

"मॅडम, ते आमचं सॉफ्टवेअर सांगतं."

टाळ्या पडल्या. सॉफ्टवेअर म्हटलं की तेव्हा टाळ्या पडायच्याच.

दत्तोबा, तुम्ही समोरच बसलायत. तुम्हीही पान पाठवलं होतंत. तिला म्हणालात, "बाई, माल भरपूर हाय म्हणालेत. डोळे कशाला तपासायचे आता?" छाटणी तोंडावर होती. काडी चुकीच्या डोळ्यावर कापली, की घड कापलेल्या तुकड्याबरोबर जातात. वर्ष जातं.

तिने वाद घातला नाही. तुमच्याच एका वेलीची दोन पानं मागितली आणि तुमच्या दोन सुनांच्या नावाने वेगवेगळी पाठवली. उत्तरं आली. थोरलीच्या वेलीला घडच घड, धाकटीच्या वेलीला जवळजवळ नाहीत. वेल एकच.

आम्ही दोघी हिंजवडीला गेलो. उत्तरं समोर ठेवल्यावर कंपनीचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवला नाहीत."

वसुधा म्हणाली, "ठेवायचा होता. म्हणून तर तपासलं."

नंतर तुमच्या काड्या आणून आम्ही एकेक डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. घड वरच्या डोळ्यांत होते. तुम्ही तिथवर काडी राखलीत आणि बाग वाचली. कंपनीने ती चाचणी गुपचूप बंद केली. माफी? नाही मागितली.

मंडळी, हे आज का सांगतेय? परवा त्याच कंपनीचा माणूस अनंतरावांच्या घरी येऊन बसला होता. नव्या चाचणीला वसुधाचं नाव द्यायचंय म्हणे, श्रद्धांजली म्हणून. मी विचारलं, "चाचणी कशाची?" म्हणाला, "ते नंतर कळवू. आधी संमती द्या." अनंतरावांनी विचार करून कळवतो म्हणून त्याला वाटेला लावलं.

ते गृहस्थ आत्ता मागच्या रांगेत बसलेत. अनंतरावांनी सकाळी मला निरोप सांगितलाय, तो सर्वांसमोर देते. तिचं नाव मिळणार नाही.

आता वसुधासाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. सगळेच.